जुन्या मोटारीला बाहेरचा कूलर : नवशिक्यांसाठी यवतमाळ आवृत्ती

सर्वांत आधी कूलर विकत घ्यावा.

इतर मार्गदर्शिका गाडीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. खरा क्रम वेगळा असतो. मे महिन्याची रात्र, वीज गेलेली, झोप येत नाही म्हणून माणूस गच्चीवर मोबाइल घेऊन पडतो. पडद्यावर अमेरिकेतला कुणी गृहस्थ १९६५ च्या शेव्हरोलेखाली सरपटत जातो आणि तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल थंड ठेवायला वेगळा कूलर बसवतो. व्हिडिओ संपतो तरी त्याचे कपडे स्वच्छच असतात. सकाळी आपल्या लक्षात येते की रात्री आपण ऑर्डर देऊन मोकळे झालो आहोत. घाबरू नये. गाडी नंतर शोधता येते. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण नवशिक्याने गॅरेजच्या भिंतीवर रंगवून घ्यावी. या छंदाचे सगळे वेळापत्रक तीत आले.

खोके उघडल्यावर वीतभर रुंदीची, अॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांची एक जाळी निघते. तिला दोन तोट्या असतात. सोबत वार-दीड वार रबरी नळी, चार क्लिपा आणि बटणे असलेल्या प्लॅस्टिकच्या काही काड्या. या काड्या आजच कचऱ्यात टाका. कारण पुढे येईल, पण तोवर त्या घरात राहिल्या तर वापरण्याचा मोह होतो.

कूलर घरात आला म्हणजे शेजारी येतात. विदर्भातल्या माणसाला कूलर शिकवावा लागत नाही. एप्रिल लागला की तो स्वतः पंप उघडतो, जुने गवत काढून नवे भरतो आणि टाकीचे शेवाळ खरवडतो. त्यामुळे पहिला प्रश्न येतो, ‘याच्यात पाणी कुठून टाकता?’ पाणी नाही, असे सांगितल्यावर तुमच्याविषयीचे मत बदलते. इथे थोडे शास्त्र सांगून टाका. घरचा कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. हा कूलर हवा गार करत नाही. तो गरम तेल हवेतून फिरवून आणतो, इतकेच. म्हणजे बाहेर ४५ अंश असतील तर तेल ४५ च्या खाली कधीच येणार नाही. शेजारी म्हणतील, ‘मंग फायदा काय?’ फायदा आहे, कारण तेल त्याहून बरेच जास्त तापलेले असते.

ते का तापते हे नवशिक्याला ठाऊक हवे, नाहीतर तो नळ्या उलट्या जोडून वर समर्थनही करील. हाताने गिअर टाकायच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचची कोरडी प्लेट असते. पाय सोडला की दोघे घट्ट जुळतात. जुन्या ऑटोमॅटिक गाडीत अशी घट्ट जुळणी नसते. इंजिन एक पात्यांचे चाक तेलात फिरवते, ते चाक समोरच्या दुसऱ्या चाकावर तेल फेकते, आणि त्या माऱ्याने दुसरे चाक फिरू लागते. दोन्ही चाकांच्या वेगात जो फरक पडतो त्याची उष्णता होते आणि ती तेलात उतरते. गाडी सपाट रस्त्यावर एका लयीत धावत असेल तर फरक थोडा. चढावर, ओझे ओढताना, किंवा वणीच्या बाजूला कोळशाच्या ट्रकमागे रांगत जाताना फरक मोठा, आणि उष्णता भरपूर. तेल साधारण ८० अंशांच्या आसपास सुखी असते. त्यापुढे दर अकराएक अंशांनी त्याचे आयुष्य निम्मे होते, असा मोटारवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. एकशेवीसच्या आसपास ते करपायला लागते, झडपांवर तपकिरी थर बसतो, रबरी सील कडक होतात, आणि मग जो वास येतो तो एकदा आला की विसरता येत नाही.

अशा ऑटोमॅटिक गाड्या सर्रास विकायला सुरुवात केली जनरल मोटर्सने. ओल्डस्मोबिलच्या १९४० च्या मॉडेलमध्ये ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स आला. पुढे १९५० मध्ये शेव्हरोलेचा दोन गिअरचा ‘पॉवरग्लाइड’ आला आणि मध्यमवर्गीय अमेरिकन डाव्या पायाने करायचे काम विसरला. त्या काळच्या गिअरबॉक्सच्या तेलात घर्षण जुळवण्यासाठी स्पर्म देवमाशाचे तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्यावर बंदी आणली, तेव्हा कंपन्यांना नवी मिश्रणे शोधावी लागली. मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांवर वाफेचे इंजिन घेऊन धापा टाकत येणारी शकुंतला रेल्वे आपल्याला जुनी वाटत असे, आणि तिकडे डेट्रॉइटच्या नव्याकोऱ्या गाड्या देवमाशावर चालल्या होत्या.

आता गाडी.

यवतमाळ जिल्ह्यात जुनी मोटार शोधायची म्हणजे पहिली भेट अॅम्बेसेडरशी होते. ती कुणाच्या तरी वाड्याच्या ओसरीपुढे, जिनिंगच्या आवारात किंवा बंद पडलेल्या पतसंस्थेच्या मागे उभी असते. पांढरी, म्हणजे मुळात पांढरी. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्या काळात साहेब आले याचा अर्थ अॅम्बेसेडर आली असाच होता, आणि तो मान अजून तिच्या बॉनेटवर बसलेला आहे. मालक विकायला तयार नसतो, पण दाखवायला तयार असतो. चहा होतो. मग तुम्ही पिशवीतून कूलर काढता.

इथे मिस्त्रीला बोलावले जाते. मिस्त्री कडुनिंबाखालून उठून येतो, कूलर हातात घेतो, उलटापालटा करतो, फुंकर मारून बघतो.

‘भाऊ, या गाडीले क्लच हाय ना?’

हो म्हणावे.

‘मंग तेल कुठून काढू? या गिअरबॉक्सले पंपच नाही. तेल खाली पडून राह्यते, गिअर त्यात फिरते अन् वर उडवते. नळी कुठं लावू सांगा.’

तुम्ही गप्प बसता. मिस्त्री दयाळू असतो. ‘लावायचाच असन तर समोर जाळीले बांधून देतो. मस्त दिसन.’

मिस्त्रीचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. अॅम्बेसेडर म्हणजे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा तिसरा अवतार. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात तो १९५७ च्या सुमारास सुरू झाला आणि मे २०१४ मध्ये थांबला. पुष्कळ वर्षे इंजिन १४८९ सीसी, चार गिअर, आणि जुन्या गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगला. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणून तो गाडी थांबल्यावरच टाकायचा. चालत्या गाडीत टाकला तर जो आवाज येतो त्यावर मागच्या सीटवरचे काका हमखास ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे वाक्य बोलतात. कधी दांड्याची जोडणी दोन गिअरच्या मध्येच अडकते. मग चालकाने उतरायचे, बॉनेट उघडायचे, आत हात घालून जोडणी सोडवायची आणि काही झाले नाही अशा चेहऱ्याने परत बसायचे. या प्रसंगात उष्णता होते, पण ती गिअरबॉक्सच्या तेलात होत नाही, त्यामुळे तुमचा कूलर तिथे निरुपयोगी.

फियाट आणि पद्मिनी यांचीही तीच कथा, फक्त तोंड लहान. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कंपनीत त्या बनत. १०८९ सीसीचे इंजिन, क्लच, बस्स. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर उतरली तेव्हा सगळे हळवे झाले, पण गिअरबॉक्सचे तेल तापते अशी तक्रार कुणी केली नाही. जीपचे तर विचारूच नका. महिंद्राच्या जुन्या विलीज जीपमध्ये जमिनीतून तीन दांडे वर आलेले असतात: एक गिअरचा, एक पुढची चाके जोडायचा, एक वेग-ताकद बदलायचा. ज्या गाडीत चालकाला दोन हात पुरत नाहीत तिला स्वयंचलित म्हणणे धाडसाचे. कॉन्टेसा १९८४ ला आली, अंगाने अमेरिकन वाटते, उमरखेडच्या लग्नात नवरदेवाला शोभते, आणि तिलाही क्लचच आहे.

या टप्प्यावर समंजस माणूस कूलर माळ्यावर टाकतो. ही मार्गदर्शिका समंजस माणसांसाठी नाही.

ऑटोमॅटिक जुनी गाडी हवी तर मुंबईकडे तोंड करावे लागते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, तो १९५४ मध्ये बंद केला. सरकारला नुसती जोडणी नको, भारतात निर्मिती हवी होती. त्यानंतर मोठ्या अमेरिकन गाड्या आल्या त्या बहुतांशी वकिलातींमार्फत. वापरून झाल्यावर त्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन विकत असे, आणि सिनेमाचे निर्माते, बिल्डर, गिरणीवाले त्या घेत. शेव्हरोलेची इम्पाला सिनेमाच्या पडद्यावर दिसायची ती अशीच. दुसरा मार्ग म्हणजे मर्सिडीजची १२३ मालिका, १९७६ ते १९८६ च्या दरम्यानची. तिच्यात ऑटोमॅटिक पुष्कळ. यातली एखादी नागपुरात किंवा मुंबईत कुणाच्या तरी वाटणीच्या भांडणात उभी असते. भांडण मिटायच्या आत घ्यावी. मिटल्यावर किंमत वाढते.

आणताना एक चूक सर्रास होते, म्हणून थोडा थांबतो. आपल्याकडे बंद गाडी आणायची पद्धत म्हणजे ट्रॅक्टरला दोर बांधायचा आणि मागच्या गाडीत ब्रेक मारायला पोरगा बसवायचा. ऑटोमॅटिक गाडी अशी ओढू नये. तिच्या गिअरबॉक्सचा पंप इंजिनाने फिरतो. इंजिन बंद, म्हणजे पंप बंद; चाके मात्र आतले गिअर फिरवत राहतात, तेही कोरडे. नागपूर ते यवतमाळ दीडशे किलोमीटर. तेवढ्यात गिअरबॉक्सचे जे होईल त्यावर जगातला कुठलाही कूलर उपाय नाही. ट्रकवर चढवून आणा.

याच कारणाने ती धक्क्यावरही चालू होत नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत काही अमेरिकन गिअरबॉक्सना मागे दुसरा पंप असे, त्यांना धक्का चाले. पण त्या अपवादावर विसंबू नका. यवतमाळच्या कुठल्याही चौकात गाडी बंद पडली की सहा माणसे न बोलावता बाह्या सावरून मागे उभी राहतात. त्यांना ‘हिला धक्का चालत नाही’ म्हणणे फार जड जाते. ती माणसे दुखावतात. त्यांना समोर बोलवा आणि बॉनेट उघडून दाखवा, तेवढ्यावर भागते.

कागदपत्रांचे काम एका दमात सांगतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचे ५,०००. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते, म्हणजे तिला आपले लाडके ‘एमएच २९’ मिळत नाही. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. दुरुस्तीची मुभा असल्यामुळे जुन्या गाडीचा मालक कायदा मोडूच शकत नाही. चॅसी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठे फेरफार चालत नाहीत. कूलर यांपैकी कशातच मोडत नाही, तरी मूळ काहीही कापू नका. उद्या काढता येईल असाच बसवा.

आता बसवणे. खरे सांगायचे तर हा भाग सोपा आहे, आणि म्हणूनच इतका उशिरा आला.

कारखान्याने या गाडीला एक कूलर आधीच दिलेला असतो. तो रेडिएटरच्या खालच्या किंवा बाजूच्या टाकीत लपलेला असतो. गिअरबॉक्समधून दोन बारीक नळ्या तिथे जातात. एकीतून तेल येते, दुसरीतून परत जाते. परदेशात ही व्यवस्था पुरते. आपल्याकडे रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतलेले असते, आणि त्या पाण्यातल्या क्षारांनी आतल्या नळ्या निम्म्या बुजलेल्या असतात. तेव्हा आधी रेडिएटर उतरवून साफ करून घ्या. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात, उघडून, साफ करून पुन्हा डाग देता येतात. तेलाच्या पट्टीवर गुलाबी, दुधाळ काही दिसले तर समजा की आतला कूलर फुटून पाणी आणि तेल एकत्र झाले. तसे असेल तर रेडिएटरला त्या वाटेतून पूर्ण वगळा आणि सगळे तेल बाहेरच्या कूलरमधूनच फिरवा. रेडिएटर धडधाकट असेल तर क्रम ठेवा: गिअरबॉक्स, रेडिएटर, नवा कूलर, परत गिअरबॉक्स. म्हणजे रेडिएटरमध्ये न निघालेली उष्णता शेवटी हवेत जाते.

तेल कोणत्या नळीतून येते हे ओळखायला गाडी थंड असताना चालू करा आणि दोन्ही नळ्यांना हात लावून बसा. जी आधी कोमट होते ती येणारी, दुसरी परत जाणारी. नवा कूलर परत जाणाऱ्या वाटेवर.

कूलर रेडिएटरच्या पुढे, बोटभर अंतर ठेवून बसवा. त्या प्लॅस्टिकच्या काड्या रेडिएटरच्या पात्यांतून आरपार घालायच्या असतात. खडबडीत रस्त्यावर त्या घासत राहतात, आणि सहा महिन्यांत मऊ तांबे कापतात. आर्णी रस्त्यावर सहा महिने लागणार नाहीत. लोखंडी पट्टीला भोके पाडा, मध्ये रबर घाला आणि पट्टी गाडीच्या मूळ बोल्टांनाच धरवा. तोट्या वरच्या बाजूला ठेवा म्हणजे आत हवा अडकत नाही.

आकाराबद्दल एक हिशेब. तेल ९५ अंशांवर आहे असे धरा. ज्या देशात बाहेर २० अंश असतात तिथे तेल आणि हवेत ७५ अंशांचा फरक. आपल्या मे महिन्यात फरक ५० उरतो. तोच कूलर इथे दोन-तृतीयांशच काम करतो. म्हणून खोक्यावर जो आकार सुचवला असेल त्याच्या वरचा घ्यावा. आधीच घेऊन बसला असाल तर आता पुन्हा मागवा. पहिला अॅम्बेसेडरच्या जाळीला बांधता येईल.

नळीच्या बाबतीत मात्र विनोद नाही. खोक्यातली नळी हमखास अपुरी पडते. दुकानात ‘अडीच सूत की तीन सूत’ हे विचारतील. अमेरिकन गाडीत बहुधा यांपैकीच एक असते, तरी मोजून जा. मग दुकानदार फवारणी पंपाची हिरवी नळी पुढे करील. ही नळी आपल्या जिल्ह्यात सगळ्याला चालते, दोरीलासुद्धा, पण गरम तेलात ती मऊ होते आणि क्लिपेतून निसटते. पेट्रोलची साधी नळीही नको. गिअरबॉक्सच्या गरम तेलासाठी बनवलेली, तसे छापलेलीच घ्या. ती यवतमाळात मिळाली नाही तर नागपूरहून मागवा. लोखंडी नळीचे टोक गुळगुळीत ठेवून त्यावर रबर चढवू नका. टोकाला फुगवटा पाडून घ्या. ते हत्यार मोटार मिस्त्रीकडे नसले तर फ्रिजवाल्याकडे असते. हे दोन सांधे कच्चे राहिले तर गाडीखाली ठिबक सिंचन सुरू होते, आणि ते सरकारी अनुदानात बसत नाही.

तेल लाल रंगाचे असते. रंग मुद्दाम घातलेला, गळती ओळखू यावी म्हणून. कूलर आणि नळ्या भरायला थोडे जास्त लागेल. हँडब्रेक ओढा, दांडा पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवा, तेल गरम होऊ द्या आणि मग पट्टी बघा. इंजिन बंद करून बघितलेली पट्टी खोटे बोलते. खुणेच्या वर भरू नका, फेस होतो आणि फेसाने गिअर घसरतात. इथे जमलेल्यांपैकी कुणीतरी ‘थोडं अजून टाका, राहू द्या’ म्हणेल. पाहुण्याला पोळी वाढायचा तो नियम इथे लावू नये.

चाचणीसाठी कळंबचा रस्ता बरा. वीसेक किलोमीटर, शेवटी चिंतामणीचे दर्शन, आणि वाटेत कापसाच्या ट्रॉल्यांमागे किंवा लग्नाच्या वरातीमागे गाडी मुद्दाम हळू चालवता येते. परत येऊन सांधे कोरड्या फडक्याने पुसा. फडक्यावर लाल डाग नसेल तर कूलरचे काम झाले.

पण चाचणी दुपारी घेतलीत तर परत यायच्या आधी गाडी बहुधा बंद पडेल. हे बंद पडणे गिअरबॉक्सचे नव्हे. इंजिनाच्या कुशीला चिकटलेल्या पंपात पेट्रोल उकळून वाफ झाली, आणि वाफ पुढे ढकलता येत नाही. अॅम्बेसेडर, फियाट, जीप, इम्पाला, सगळ्या जुन्या गाड्या उन्हात इथे एक होतात. उपाय बाजारात विकत मिळत नाही. बॉनेट उघडून सावलीत थांबा, फडके भिजवून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळा आणि वाळेल तसे पुन्हा भिजवा. विदर्भातल्या उन्हात ते दर काही मिनिटांनी वाळते, म्हणून डिकीत पाण्याची कॅन हवीच. वायरी आणि डिस्ट्रिब्युटर ओले होऊ देऊ नका. फडके सुती असावे. टेरिकॉट पाणी धरत नाही, आणि कापसाच्या जिल्ह्यात ते बॉनेटखालून निघालेले बरेही दिसत नाही.